वाचकांचे प्रश्न : भरलेला संदेश रिकामा का पोहोचतो?

या महिन्याच्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक एकाच विषयावरची निघाली, म्हणून हा सगळा अंक मी त्यालाच दिला आहे. विषय प्रोटोबफचा, म्हणजे गूगलने २००८ साली सगळ्यांसाठी खुल्या केलेल्या प्रोटोकॉल बफर्सचा. संदेशाचा साचा एकदा लिहून द्यायचा, मग सी प्लस प्लस, पायथन, गो अशा हव्या त्या भाषेत तो भरण्याचा कोड आपोआप तयार होऊन मिळतो. भरताना पॉइंटर (वस्तू कुठे ठेवली आहे तो पत्ता) आणि रेफरन्स (त्याच वस्तूचं दुसरं नाव) मध्ये येतात आणि तिथेच माणसं अडकतात. पत्रांतल्या आज्ञा इथे देवनागरीत छापल्या आहेत. तुम्ही त्या नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच टाइप करणार आहात.

मॅडम, मी चिंचवडच्या एका कारखान्यात यंत्रांची माहिती गोळा करणारा प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये लिहितो. अहवालाच्या संदेशात फील्ड १ यंत्राचा क्रमांक आणि फील्ड २ तापमानाचा सबमेसेज, म्हणजे आतला छोटा संदेश आहे. मी असं लिहिलंय: ऑटो ताप = *अहवाल.म्यूटेबल_तापमान(), आणि पुढच्या ओळीत ताप.सेट_मूल्य(७२), लगेच खाली छापून पाहिलं तर ७२ दिसतं. पलीकडच्या सर्व्हरवर मात्र तापमान शून्य येतं. दोन दिवस नेटवर्कच तपासतोय. पाठवण्याआधीचे बाइट सोबत जोडलेत: ०८ ९६ ०१ १२ ००.

बाइट जोडलेत ते फार बरं केलंत. अर्धं उत्तर त्यातच आहे, आणि नेटवर्कचा यात काही दोष नाही. चला, ते पाच बाइट एकत्र वाचू.

प्रोटोबफमध्ये प्रत्येक फील्डच्या आधी एक खूण असते. फील्डच्या क्रमांकाला आठने गुणायचं आणि त्यात प्रकाराचा आकडा मिळवायचा. ०८ म्हणजे फील्ड १, प्रकार ०, अर्थात साधा पूर्णांक. पुढचे ९६ ०१ हे हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेले आकडे. पूर्णांक सात-सात बिटांच्या तुकड्यांत लिहिला जातो आणि प्रत्येक बाइटचा सर्वांत वरचा बिट ‘अजून पुढे आहे’ एवढंच सांगतो. ९६ मधला तो बिट काढला की उरतात २२. ०१ हा पुढचा तुकडा, त्याची किंमत १२८. बेरीज १५०. तुमच्या यंत्राचा क्रमांक १५० असणार. आता १२. हाही हेक्समधला, आपल्या रोजच्या मोजणीत १८, म्हणजे दोन गुणिले आठ अधिक दोन. फील्ड २, प्रकार २. या प्रकारात आधी लांबी येते, मग मजकूर. आणि लांबी आली आहे ००.

म्हणजे तापमानाचा डबा संदेशात गेला आहे, पण रिकामा गेला आहे. डबाच गेला नसता तर बाइट तीनच असते आणि मी म्हटलं असतं की म्यूटेबलची ओळ चालतच नाहीये, एखाद्या अटीत अडकली असेल. इथे ती ओळ चालली, डबा तयारही झाला, आणि भरलं मात्र दुसरंच काहीतरी. म्हणून मी नेहमी सांगते, ‘शून्य येतंय’ एवढ्यावर थांबू नका. ते फील्ड आहे की नाही हे आधी बघा. रिकामं असणं आणि नसणं यांची कारणं वेगळी असतात.

तुमच्या पहिल्या ओळीत म्यूटेबल_तापमान() खऱ्या सबमेसेजचा पॉइंटर देतं. पुढच्या ताऱ्याने तुम्ही त्या पॉइंटरच्या टोकाला असलेल्या खऱ्या वस्तूपर्यंत पोहोचता. इथवर सगळं नीट आहे. पण डावीकडे नुसतं ‘ऑटो’ आहे, आणि ऑटो रेफरन्स टिकवत नाही. त्याला उजवीकडे तापमान जातीची वस्तू दिसते, म्हणून तो तशीच एक नवी वस्तू बनवतो आणि मजकूर तिच्यात उतरवतो. तुम्ही ७२ लिहिलेत ते झेरॉक्सवर. खाली छापून पाहिलंत तेही झेरॉक्सच. मूळ कागद अहवालात कोराच राहिला. फंक्शन संपलं तेव्हा झेरॉक्स नाहीशी झाली.

दुरुस्ती अगदी छोटी आहे. ऑटो* ताप = अहवाल.म्यूटेबल_तापमान(), असा पॉइंटरच ठेवा आणि ताप->सेट_मूल्य(७२), म्हणा. नाहीतर ऑटो& ताप = *अहवाल.म्यूटेबल_तापमान(); असं लिहा. मला पहिली पद्धत आवडते. डावीकडचा तारा बघूनच वाचणाऱ्याला कळतं की ही वस्तू दुसऱ्याच्या घरातली आहे. दुरुस्तीनंतर बाइट असे दिसले पाहिजेत: ०८ ९६ ०१ १२ ०२ ०८ ४८. लांबी ०२ झाली, आत फील्ड १, आणि हेक्समधले ४८ म्हणजे आपले ७२.

हीच चूक यादीवरच्या लूपमध्ये दबा धरून बसलेली असते, तिथेही नजर टाका. फॉर (ऑटो नोंद : *अहवाल.म्यूटेबल_नोंदी()) असं लिहिलं की प्रत्येक फेरीत नवी झेरॉक्स निघते. ऑटो& हवं. तुम्हाला वाटेल की क्लँग-टायडीसारखं कोड तपासणारं साधन हे पकडेल. त्यात नाहक कॉपी शोधणारी तपासणी आहे खरी, पण ती कॉपी नुसती वाचली जात असेल तेव्हाच बोलते. तुम्ही तर तिच्यावर सेट करता. साधन धरून चालतं की तुम्हाला बदलण्यासाठी मुद्दामच वेगळी प्रत हवी होती, आणि गप्प राहतं. म्हणून ही चूक डोळ्यांनीच पकडावी लागते. मी दुसऱ्याचा कोड तपासायला घेते तेव्हा सगळ्यात आधी ‘म्यूटेबल_’ शोधते आणि प्रत्येक ठिकाणी डावीकडे काय आहे ते वाचते.

ताई, नागपूरहून लिहितो आहे. सबमेसेजसाठी सेट_ फंक्शन सापडलं नाही, म्हणून सेट_अलोकेटेड_ वापरलं: मार्ग म, मग म मध्ये सगळं भरलं आणि अहवाल.सेट_अलोकेटेड_मार्ग(&म); संदेश बरोबर जातो! पण फंक्शन संपताना प्रोग्रॅम क्रॅश होतो. ‘फ्री: इनव्हॅलिड पॉइंटर’ असं येतं आणि डीबगर शेवटच्या महिरपी कंसावर बोट ठेवतो. त्या कंसात काय चूक असणार?

कंसाकडे बघू नका, तिथे नुसता स्फोट होतो. वात पेटली ती त्याच्या कितीतरी ओळी आधी.

सेट_अलोकेटेड_ या नावातच करार लिहिलेला आहे. ही वस्तू न्यू करून हीपवर, म्हणजे डिलीट करेपर्यंत टिकणाऱ्या जागेत घेतलेली आहे आणि आता तिची मालकी संदेशाकडे गेली, असा त्याचा अर्थ. संदेश मरताना तो तिच्यावर डिलीट चालवणार, हे ठरलेलं. तुमचा ‘म’ मात्र स्टॅकवरचा, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या जागेतला आहे. फंक्शन संपलं की तो आपोआप जातो, त्याला कोणी डिलीट करायचं नसतं. तुमच्या कोडमध्ये अहवाल आधी जाहीर झालाय, म नंतर. नष्ट होण्याचा क्रम उलटा असतो, म्हणून आधी म गेला, आणि मग अहवालाने त्याच गेलेल्या म वर डिलीट चालवलं. हीपने विचारलं, हा पत्ता मी कधी दिला होता? तोच तुमचा ‘इनव्हॅलिड पॉइंटर’. संदेश बरोबर गेला याचंही नवल नको. तो पाठवला तेव्हा म जिवंत होता.

सरळ मार्ग हा की म्यूटेबल_मार्ग() ने पॉइंटर घ्या आणि तिथेच भरा. मग मालकीचा प्रश्नच उरत नाही, कारण वस्तू जन्मापासून संदेशाचीच असते. म आधीच दुसऱ्या फंक्शनने भरून दिला असेल तर *अहवाल.म्यूटेबल_मार्ग() = एसटीडी::मूव्ह(म); असं लिहा. यात मजकूर आत जातो, पत्ता जात नाही. आणि वस्तू युनिक_पीटीआर या एकाच मालकाच्या पॉइंटरमध्ये असेल, म्हणजे खरोखर हीपवरची, तरच सेट_अलोकेटेड_ वापरा, आणि तिथे .रिलीज() द्या. .गेट() दिलंत तर युनिक_पीटीआर स्वतःला मालक समजत राहील, संदेशही स्वतःला मालक समजेल, आणि दोघंही एकाच वस्तूवर डिलीट चालवतील.

या दोन मालकांच्या प्रकाराने मला नोकरीच्या पहिल्या वर्षी चार रात्री जागवलं आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते. मी एका छोट्या कंपनीत होते, वाहनांचा माग ठेवणारी यंत्रणा होती. एकाच मार्गाची माहिती दोन संदेशांत जायची, एक नियंत्रण कक्षाला आणि एक नोंदवहीच्या सर्व्हरला. मार्गात बरेच थांबे असत, म्हणून मला वाटलं कॉपी कशाला, एकच वस्तू न्यू करू आणि दोन्ही संदेशांना सेट_अलोकेटेड_ने देऊ. माझ्या टेबलावर सगळं चाललं, कारण माझ्या चाचणीत ते दोन्ही संदेश मी न्यू करून तसेच सोडले होते, कोणीच मरत नव्हतं. प्रत्यक्षात मात्र संदेश येत-जात होते. प्रोग्रॅम कधी तासाभराने पडायचा, कधी दिवसभर चालायचा, आणि दर वेळी वेगळ्याच फंक्शनमध्ये, ज्याचा मार्गाशी काही संबंध नाही अशा ठिकाणी. आम्ही त्या निष्पाप फंक्शनांमध्येच शोधत बसलो. चौथ्या रात्री एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मेमरीच्या चुका शोधणाऱ्या व्हॅलग्रिंडखाली प्रोग्रॅम चालवायला सांगितलं. चालायला फार हळू, पण पंधरा मिनिटांत पडद्यावर ‘इनव्हॅलिड फ्री’ उमटलं आणि खाली दोन पत्ते: आधी कुठे सोडली, आता पुन्हा कुठे सोडताय. दोन्ही माझ्याच संदेशांचे डिस्ट्रक्टर, म्हणजे वस्तू नष्ट करणारी फंक्शनं. त्यांनी मला एवढंच विचारलं, “सातबाऱ्यावर दोन मालक लावलेस, आता विकायची वेळ आली की भांडण होणारच, नाही का?” मार्ग दोनदा कॉपी केला. नंतर मोजून पाहिलं, तर नेटवर्कला लागणाऱ्या वेळापुढे त्या कॉपीचा वेळ डोळ्यांना दिसतही नव्हता.

तुम्हाला व्हॅलग्रिंडपर्यंत जायची गरज नाही. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर असतो. -एफसॅनिटाइझ=ॲड्रेस हा पर्याय लावून पुन्हा कंपाइल करा. हीपवरची वस्तू कुठे जन्मली, पहिल्यांदा कुठे सुटली आणि दुसऱ्यांदा कुठे सुटतेय, हे तिन्ही तो ओळीच्या क्रमांकासह सांगतो. फक्त -जी लावायला विसरू नका, नाहीतर ओळींच्या जागी नुसते पत्ते दिसतील.

तुमच्या पत्राच्या शेवटी रिलीज_मार्ग() बद्दल एक ओळ आहे. ते सेट_अलोकेटेड_च्या उलट. संदेश वस्तू सोडतो आणि पॉइंटर तुमच्या हातात देतो. त्या क्षणापासून मालक तुम्ही. मिळालेला पॉइंटर लगेच युनिक_पीटीआरमध्ये ठेवा, आणि फील्ड भरलेलंच नसेल तर तिथे नल येतो हेही धरून चला. संदेश अरेनावर, म्हणजे बऱ्याच वस्तूंसाठी एकदम घेतलेल्या सामायिक जागेत बनवलेला असेल तर रिलीज तुम्हाला हीपवरची नवी कॉपी देतं, म्हणजे ‘कॉपी वाचवायला रिलीज वापरलं’ हा हिशोब तिथे चुकतो.

सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. पायथनमध्ये अहवाल.तापमान = ताप असं लिहिलं की ‘असाइनमेंट नॉट अलाउड टू कॉम्पोझिट फील्ड’ म्हणून एरर येते. पायथनमध्ये तर पॉइंटर नसतातच ना?

पायथनमध्ये नाव म्हणजेच रेफरन्स, आणि म्हणूनच ही मनाई आहे. ती ओळ चालू दिली असती तर एकच ताप दोन अहवालांना लागला असता आणि एकीकडचा बदल दुसरीकडे दिसला असता. अहवाल.तापमान.मूल्य = ७२ असं थेट आत लिही. किंवा अहवाल.तापमान.कॉपीफ्रॉम(ताप) म्हण. यादीसाठी न = अहवाल.नोंदी.ॲड() ने नवी नोंद मिळते, ती यादीतलीच असते, तिच्यात भर. अपेंड(न) केलंस तर आत कॉपी जाते. मग नंतर बाहेरचा न बदललास तर यादीतली नोंद जशीच्या तशी राहील. हा प्रश्न पुढच्या आठवड्यात तुला पडणारच आहे, म्हणून आत्ताच लिहून ठेवते.

मी मूळची साताऱ्याची, सध्या हैदराबादला गोमध्ये काम करते. चाळीस विद्यार्थ्यांची यादी संदेशात भरते. नाव हे ऑप्शनल स्ट्रिंग आहे, त्याला पत्ता द्यावा लागतो, म्हणून लूपमध्ये नाव: &वि.नाव असं देते. निकालात चाळीसही ठिकाणी शेवटच्या विद्यार्थ्याचं नाव! गंमत म्हणजे हाच कोड माझ्या नव्या प्रकल्पात बरोबर चालतो. कंपायलर एकच आहे.

कंपायलर एकच असूनही दोन वागणुकी दिसतात, याचं कारण तुमच्या जुन्या प्रकल्पाच्या गो.मॉड फाइलमध्ये आहे. उघडून ‘गो’ने सुरू होणारी ओळ बघा. तिथे १.२१ किंवा त्याआधीची आवृत्ती असणार.

गोमध्ये बरीच वर्षं अशी रीत होती की फॉर लूपचं चल, तुमचं वि, संपूर्ण लूपसाठी एकच असायचं. प्रत्येक फेरीत त्याच जागेवर नवा विद्यार्थी येऊन बसायचा. तुम्ही घेतलात तो पत्ता खुर्चीचा. माणसाचा नव्हे. चाळीस वेळा एकाच खुर्चीचा पत्ता लिहिलात, आणि संदेश सिरीयलाइझ झाला, म्हणजे बाइटांत उतरला, तेव्हा त्या खुर्चीत शेवटचा विद्यार्थी बसलेला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या गो १.२२ ने हे बदललं. आता प्रत्येक फेरीला स्वतंत्र चल मिळतं. पण जुन्या प्रकल्पांचं वागणं अचानक बदलू नये म्हणून हा नियम गो.मॉडमध्ये १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिलेल्या मॉड्यूललाच लागू होतो. नवा कंपायलर जुना करार पाळतोय.

आवृत्ती वाढवलीत की ही अडचण जाईल, तरी तेवढ्यावर सोडू नका असं मी आग्रहाने सांगेन. नाव: प्रोटो.स्ट्रिंग(वि.नाव) असं लिहा. हे छोटं फंक्शन मजकुराची वेगळी जागा घेऊन तिचा पत्ता देतं, मग लूपचं चल एक असो की चाळीस, फरक पडत नाही. काही जण &यादी[आय].नाव असा अनुक्रमाने पत्ता घेतात. नावं बरोबर येतात, पण संदेश आता तुमच्या मूळ यादीत बोट घालून बसलेला असतो. पाठवण्याआधी कोणी यादीतलं नाव सुधारलं तर संदेशातलंही बदलतं, आणि दुसऱ्या गोरुटीनने, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामाने, त्याच वेळी सुधारलं तर काय जाईल याचा नेम नाही. आणखी एक: गो व्हेट हे गोचं तपासणीचं साधन चालवल्यावर ‘कॉपीज लॉक’ अशी तक्रार दिसली तर तुम्ही कुठेतरी पूर्ण संदेशच पॉइंटरऐवजी मूल्य म्हणून देता आहात. ती तक्रार दाबून टाकू नका, खरी असते.

छत्रपती संभाजीनगरहून. आमच्या हजेरीच्या नोंदीत वनऑफ आहे, कार्ड किंवा बोटाचा ठसा. मी आधी ऑटो* कार्ड = नोंद.म्यूटेबल_कार्ड(); घेऊन ठेवतो, ऑटो* ठसा = नोंद.म्यूटेबल_ठसा(), तेही घेऊन ठेवतो, आणि खाली गरजेप्रमाणे भरतो. ठशाच्या नोंदी नीट जातात. कार्डाच्या कधी कार्डाशिवायच जातात, कधी प्रोग्रॅम पडतो.

वनऑफ म्हणजे एक खोली, एक भाडेकरू. ठसा मागितलात त्याच क्षणी संदेशाने कार्डाला बाहेर काढलं आणि कार्डाची जागा सोडून दिली. तुमच्या हातात राहिला तो रिकाम्या झालेल्या जागेचा पत्ता. खाली कार्ड-> लिहून तिथे भरता, ते संदेशात जाणारच नाही. ती जागा अजून कोणी घेतली नसेल तर काहीच घडल्यासारखं दिसत नाही, घेतली असेल तर दुसऱ्याच्याच वस्तूवर आकडे उमटतात. म्हणून कधी असं, कधी तसं. म्यूटेबल_ हे वाचायचं फंक्शन नव्हे, त्याला हात लावला की फील्ड ‘आहे’ होतं. आधी ठरवा, मग त्या एकाचंच म्यूटेबल_ मागा, तेही भरायच्या अगदी आदल्या ओळीत.

पत्ता जुना होण्याचा याच जातीचा एक प्रकार तुमच्याच पत्रात, दुसऱ्या पानावर आहे. तुम्ही त्याबद्दल विचारलं नाहीत, पण मला तो सोडवत नाही: कॉन्स्ट ऑटो& क = नोंद_आणा().कार्ड(), हे फंक्शन आख्खी नोंद परत देतं, ती त्या ओळीपुरती तात्पुरती असते, आणि कार्ड() तिच्या पोटातल्या वस्तूचा रेफरन्स देतं. ओळ संपली की नोंद गेली, पोटातलं कार्डही गेलं. तात्पुरत्या वस्तूला कॉन्स्ट रेफरन्स लावला की तिचं आयुष्य वाढतं, हा नियम तुम्ही ऐकलेला असणार. तो थेट त्या वस्तूला लावला तरच खरा. इथे रेफरन्स मधल्या फंक्शनच्या हातून आलाय, कंपायलरला नातं दिसत नाही. आधी ऑटो नोंद = नोंद_आणा(); अशी नोंद नावाने धरून ठेवा, मग कार्डाचा रेफरन्स घ्या. फॉर लूपच्या डोक्यात असं लिहिलेलं असेल तर सी प्लस प्लस २३ मध्ये ते सुरक्षित झालं आहे, पण तेवढंच. तुमची ही ओळ तिथेही चुकीचीच.

याद्यांबद्दलही सांगून टाकते, कारण तुम्ही एसटीडी::व्हेक्टरवरून आलेले दिसता. सबमेसेजची यादी प्रत्येक घटक वेगळा ठेवते आणि स्वतः फक्त पत्ते बाळगते, त्यामुळे यादी वाढली तरी ॲड_ ने मिळालेला पॉइंटर हलत नाही. पूर्णांकांची यादी मात्र सलग जागेत असते. ती वाढताना अख्खी दुसरीकडे उचलून नेली जाऊ शकते, आणि आतल्या एखाद्या आकड्याचा जपून ठेवलेला पॉइंटर मागेच राहतो.

मडगावहून लिहितोय. दोन प्रश्न. एक, माझ्या स्ट्रक्टमध्ये नावाचा कॅर पॉइंटर आहे. ते स्ट्रक्ट मेमसीपीवाय करून, म्हणजे बाइट जसेच्या तसे उचलून, बाइट्स फील्डमध्ये पाठवलं तर चालेल का? माझ्या चाचणीत चाललं. दोन, कर्मचाऱ्याचा फोटो संदेशात घालतो: संदेश.सेट_फोटो(बफर.डेटा()), चाळीस केबीच्या फोटोचे पलीकडे चारच बाइट येतात. दर वेळी चारच. कॅमेरा बदलून पाहिला.

पहिल्याचं उत्तर नाही. पॉइंटरमध्ये नाव नसतं, नाव कुठे ठेवलंय त्याचा पत्ता असतो, आणि तो पत्ता तुमच्या प्रोसेसच्या घरातच खरा. तुमची चाचणी भरणं आणि वाचणं एकाच प्रोग्रॅममध्ये करत असणार, म्हणून पत्ता लागला. दुसऱ्या यंत्रावर, किंवा त्याच यंत्रावर दुसऱ्या वेळी, त्या पत्त्यावर काय असेल ते सांगता येत नाही. आजकालच्या प्रणाली दर वेळी जागा मुद्दाम बदलून देतात. नाव स्वतःच्या स्ट्रिंग फील्डमध्ये घाला.

दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण ‘दर वेळी चारच’ हे तुम्ही नोंदवलंत. कॅमेरा निर्दोष आहे. नेहमीच्या जेएफआयएफ मांडणीतली जेपेग फाइल हेक्समध्ये उघडली तर सुरुवात अशी दिसते: एफएफ डी८ एफएफ ई० ०० १०. पाचवा बाइट शून्य आहे. तुम्ही सेट_फोटोला नुसता कॅर पॉइंटर दिलात, लांबी दिली नाही. नुसता कॅर पॉइंटर म्हणजे सी भाषेतली स्ट्रिंग, आणि ती पहिल्या शून्यावर संपते. त्याने चार बाइट मोजले, पाचव्याला शून्य दिसलं, थांबला. कंपायलरलाही यात काही खटकत नाही, कारण जात बरोबर आहे.

संदेश.सेट_फोटो(बफर.डेटा(), बफर.साइझ()), असं लिहा. लांबी दिली की मधली शून्यं साधे बाइट म्हणून जातात. साच्यात फोटो हे फील्ड स्ट्रिंग असेल तर ते बाइट्स करा. प्रोटो३ या साच्याच्या प्रकारात स्ट्रिंग यूटीएफ-८ या अक्षरं लिहिण्याच्या पद्धतीतच असावी लागते, आणि एफएफ हा बाइट यूटीएफ-८ मध्ये कुठेच बसत नाही, तेव्हा पूर्ण फोटो गेला तरी पलीकडे पार्स होताना, म्हणजे बाइटांतून वाचला जाताना, संदेश नाकारला जाईल. बदल केल्यावर पाठवण्याआधी संदेश.फोटो().साइझ() छापा, पलीकडेही तेच छापा, आणि दोन्ही आकडे मूळ फाइलच्या आकाराशी ताडून मला कळवा. जुळले नाहीत तर फाइल वाचणारा कोडही सोबत पाठवा. विंडोजवर फाइल बायनरी पद्धतीने उघडलेली नसेल, तर त्यातही बाइट कमी-जास्त होतात.